कंपोझिटरचं अर्धं पान

माझी बायको उलटं वाचायची. मी सकाळी पेपर जमिनीवर पसरून वाचायला बसलो की ती समोर भाजी निवडायला बसायची, आणि तिच्या बाजूनं डोक्यावर उभी असलेली अक्षरं माझ्या आधी वाचून मोकळी व्हायची. मी अजून वरच्या बातमीतच असायचो. ती म्हणायची, "पलटवा जी पान, झालं माह्यं. तुम्ही पेपर वाचून राहिले की त्याले हवा देऊन राहिले?"

ही काही जादू नव्हती. इतवारीतल्या एका छापखान्यात ती कंपोझिटर होती. छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे उलटे असतात, ओळही उलटी लागते, ते रोज वाचून वाचून तिच्या डोळ्यांना सुलटं-उलटं सारखंच झालं होतं. मी त्याच छापखान्यात ट्रेडल, म्हणजे पायानं चालणारं छपाईचं मशीन, चालवायचो. तिचं नाव कमल, पण प्रेसमध्ये सगळे तिला कंपोझिटर म्हणायचे, मग मोहल्ला म्हणायला लागला, मीही म्हणत राहिलो. ती मला मशीनवाले म्हणायची. आमच्या लग्नाची पत्रिका तिनं जुळवली, मी छापली. माझ्या आजोबांचं नाव मीच चुकीचं सांगितलं होतं. तिनं माझ्या आईला विचारून ते बदललं आणि मला म्हणाली, "घरातलेच लोक माहीत नाही तुम्हाले. मले काय ओळखाल?" तेव्हा मी हसलो होतो.

मी सातवी नापास. ती दहावी पास. आमच्या घरात लिहिण्याचं खातं तिचं होतं आणि उचलण्याचं माझं. हे जे मी लिहितो आहे ते ती असती तर मी लिहिलं नसतं. तिनं लिहिलं असतं, आणि माझ्याबद्दल लिहिलं असतं, आणि ते बरं झालं असतं.

छापखाना बंद पडला तेव्हा मालकानं खिळे किलोनं मोडीत दिले. मी घरी येऊन दोन घास खाल्ले आणि आडवा झालो. तिनं दुसऱ्या दिवसापासून कम्प्युटरचा क्लास लावला. क्लासात सगळी कॉलेजची पोरं, आणि त्यांच्यात ही, डब्यात भाकर घेऊन. नंतर एक जुना कम्प्युटर घेतला, मराठी अक्षरांचा प्रोग्राम घेतला. त्या प्रोग्रामला एक लॉक होतं, काडेपेटीएवढं, कम्प्युटरच्या पाठीमागे खोचायचं. ते नसलं की प्रोग्राम सुरूच होत नाही. ती त्याला "त्याचं मंगळसूत्र" म्हणायची. हुडकेश्वरला घर बांधलं तेव्हा समोरची खोली त्या कम्प्युटरला दिली. मला नाही दिली.

लग्नाच्या पत्रिका, बारशाच्या, माणूस गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या, सगळं ती तिथं करायची. तिचा एक नियम होता. पत्रिका तयार झाली की त्या घरचं कोणीतरी समोर बसलं पाहिजे आणि तिनं सगळी नावं मोठ्यानं वाचायची, त्यांनी डोळे मिटून ऐकायची. "डोळा दयाळू राहते," म्हणायची, "चूक दिसली तरी सोडून देते. कान नाही सोडत." एकदा एका घरात नावं ऐकता ऐकता नवरदेवाची मोठी आई रडायला लागली. तिच्या वारलेल्या दिराचं नाव यादीत नव्हतं. कंपोझिटरनं ते नाव टाकलं आणि त्याच्या आधी कालकथित लिहिलं. आम्हा बौद्धांत गेलेल्या माणसाला कालकथित म्हणतात. दुसरे दुकानवाले सर्रास स्वर्गीय ठोकून देतात. तिला ते खपायचं नाही. "आपल्यात स्वर्ग कुठून आला जी? माणूस गेला तं गेला. त्याच्यासाठी जागा काहून बुक करून राहिले?"

दुसरा नियम, अर्धवट छापायचं नाही. घाई कितीही असू द्या. गिऱ्हाईक म्हणायचं, बाई, जेवढं झालं तेवढं तरी काढून द्या. ती म्हणायची, "अर्धी भाकर खाता येते, अर्धं पान वाचता येत नाही." हा नियम मला पुढे महागात पडणार होता.

पत्रिकांचं काम हळूहळू कमी झालं. लोक मोबाइलवर पत्रिका पाठवायला लागले. तेव्हा तिनं विहारातल्या बायांचं काम घेतलं. आमच्या विहारात दर पौर्णिमेला वंदना होते, आणि वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, रोज. म्हाताऱ्या बायांना छोटी पुस्तकं दिसत नाहीत. कोणाचा मोतीबिंदू, कोणाची साखर. त्या नुसत्या ओठ हलवतात. हिनं ठरवलं की वंदना मोठ्या अक्षरात करायची, आणि पालीच्या प्रत्येक भागाखाली आपल्या बोलीत अर्थ लिहायचा. "पाली आपल्याले कळत नाही, मंग नुसती मान डोलावून काय फायदा?"

अक्षर मोठं केलं की ओळ लांबते. तिनं ओळी तोडायची एक रीत काढली. मला दमा आहे. छापखान्यातली शाई आणि रॉकेल, दुसरं काय. ती मला समोर बसवायची, ओळ म्हणायला लावायची आणि माझा दम जिथं तुटेल तिथं ओळ तोडायची. "तुमचा दम पुरला म्हणजे समद्या बायांचा पुरते." मी चिडायचो. म्हणायचो, "मी माणूस आहे की फूटपट्टी?" ती म्हणायची, "फूटपट्टी बोलत नाही जी. चला, पुढची."

पंचशीलाचा अर्थ तिनं स्वतःच्या मनानं लिहिला. रात्रीच्या जेवणाआधी वाचून दाखवायची. पहिल्या शीलाला लिहिलं होतं: जीव घेऊ नये, मुंगीचा नाही, माणसाचा नाही, आणि घरच्या माणसाचा तं रोज थोडा थोडा बी घेऊ नये. हे वाचून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा गडवा उचलला. दुसऱ्याला लिहिलं होतं: न देलेलं घेऊ नये, शेजारणीची मिरची गच्चीवर वाळून राहिली म्हणून ती आपली होत नाही. तिसऱ्याला: दुसऱ्याच्या संसारात शिरू नये, नजरेनं बी नाही. चौथ्याची आणि पाचव्याची पालीची ओळ टाकून झाली होती. अर्थ उद्या लिहिते म्हणाली. चौथं शील म्हणजे खोटं न बोलण्याचं.

दुसऱ्या दिवशी तिच्या छातीत दुखायला लागलं. उन्हाळा होता, कूलर लावलेला होता, तरी घामानं निथळत होती. मुलगी रजनी बुटीबोरीला राहते, ती येईपर्यंत मी ऑटोत टाकून दवाखान्यात नेलं. आठवडाभर होती तिथं. मग नाही. याच्यावर मला जास्त लिहिता येत नाही.

पुण्यानुमोदनाच्या पत्रिका जावयानं बाहेरून छापून आणल्या. मी गठ्ठा उघडला आणि पाहिलं तं तिच्या नावाआधी स्वर्गीय. मी गठ्ठा बांधला, तसाच दुकानात नेला आणि काउंटरवर आदळला. दुकानदार म्हणाला, "काका, एका शब्दानं काय होते?" मी म्हटलं, "तुह्या नावाआधी लावून दे ना मंग." त्यानं मुकाट्यानं पुन्हा छापल्या. जावई बाहेर गाडीवर बसून होता. म्हणाला, "मामाजी, तुम्ही लोकांशी भांडता." मी म्हटलं, "भांडणारी गेली, म्हणून मी भांडतो."

आता वर्षावास दोन महिन्यांवर आला होता. विहारातल्या बाया विचारायला लागल्या. वत्सलाबाई, हिची मैत्रीण, दारातूनच म्हणाली, "भाऊजी, कमलनं आमचं पुस्तक करून ठेवलं हाये ना? तिनं मले शब्द देला होता." मी म्हटलं, आहे, कम्प्युटरमध्ये आहे. मला वाटलं कम्प्युटरमध्ये आहे म्हणजे आहे. कपाटात ठेवल्यासारखं. कागदावर तिनं एक पान काढून ठेवलं नव्हतं. अर्धवट छापायचं नाही ना.

मी रजनीला बोलावलं. तिनं बटन दाबलं आणि कम्प्युटरच्या डब्यातून धूर निघाला. इतके दिवस बंद होता, आत काय झालं कोणास ठाऊक. रजनीनं डबा सीताबर्डीच्या एका दुकानात नेला. दुकानवाला म्हणाला, डबा गेला, पण आतली डिस्क शाबूत आहे. मग तिनं नवा कम्प्युटर घेतला, नवा प्रिंटर घेतला. जुना प्रिंटर आधीच सुकला होता, त्याचं सामान कुठं मिळत नव्हतं. मी म्हटलं, झालं तं मग, आता छाप.

कशाचं छापणं. नव्या कम्प्युटरवर तिची फाइल उघडली तर सगळ्या पानभर कंस, टिंबं, डॉलरच्या खुणा आणि इंग्रजी अक्षरं. जणू खिळ्यांची पेटी कोणी उपडी केली. रजनी म्हणाली, "बाबा, ही मराठीच हाये, पण त्या जुन्या प्रोग्रामची मराठी. नव्याले कळत नाही." मग जुना प्रोग्राम टाकायचा तं त्याला ते लॉक पाहिजे. लॉक होतं, तिच्या ड्रॉवरमध्ये कापडात बांधलेलं. पण नव्या कम्प्युटरला ते खोचायला भोकच नाही. दुकानवाल्यानं कुठूनतरी एक पट्टी आणून आत बसवली, तिला ते भोक होतं. मग कम्प्युटरच्या पोटात आणखी एक जुना कम्प्युटर असल्यासारखं काहीतरी त्यानं केलं. मला ते समजलं नाही, आणि समजल्यासारखं मी दाखवलंही नाही.

पण प्रोग्राम सुरू झाला. आणि पडद्यावर तिचं पान आलं. तिची मोठी मोठी अक्षरं, तिच्या तोडलेल्या ओळी. मी खुर्चीवर बसलो आणि पहिली ओळ म्हटली. दम बरोबर तिथंच संपला. मी उठून मोरीत गेलो, तोंड धुतलं आणि परत आलो.

रजनीनं छापायचं बटन दाबलं. पडद्यावर लिहून आलं, छपाई सुरू आहे. प्रिंटर गप्प. पुन्हा दाबलं. पुन्हा लिहून आलं, छपाई सुरू आहे. नवा प्रिंटर बाजूला हिरवा दिवा लावून बसला होता. त्याला कोणी काही सांगतच नव्हतं.

"काय झालं वं त्याले?" मी विचारलं.

"बाबा, हा प्रोग्राम आईच्या जुन्या प्रिंटरले शोधून राहिला. त्यालेच पान पाठवते. नवा प्रिंटर त्याले दिसतच नाही."

"मंग त्याले सांग ना, तो गेला म्हणून."

"तसं सांगता येत नाही, बाबा."

रजनीचे दोन रविवार त्याच्यात गेले. दुकानवाला आला, फोनवर कोणाकोणाला विचारून झालं. शेवटी ती थकून म्हणाली, "बाबा, मी पडद्यावर पाहून पुन्हा टाइप करते नं. आईनं जशा ओळी तोडल्या तशाच तोडीन. एका रविवारचं काम हाये." तिचं म्हणणं बरोबर होतं. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मले तिचं पान पाहिजे. तुह्यं नाही." ती रडली. मग चहा केला. मग दोघंही चहा पिऊन त्या पडद्याकडे पाहत बसलो, जसं मयताच्या घरी बसतात.

पान पडद्यावर दिसत होतं, कागदावर येत नव्हतं. अखेर रजनीनंच मार्ग काढला. पडद्याचाच फोटो काढता येतो, कम्प्युटरमधूनच, एक बटन दाबून. तो फोटो नव्या प्रोग्रामला कळतो आणि नवा प्रिंटर तो छापतो. पण एका वेळी पडद्यावर पाव पानच दिसतं. म्हणून पाव पाव पानाचे फोटो काढले, छापले. मी हातात कागद घेतला आणि खिडकीशी नेला. अक्षरांच्या कडा जिन्यासारख्या दातेरी आल्या होत्या. आमच्या छापखान्यात असं पान निघालं असतं तर मालकानं मला मशीनसकट बाहेर काढलं असतं. तिनं तर असं पान हातातही घेतलं नसतं. पण अक्षर तिचंच होतं.

मग माझं काम सुरू झालं. कात्री, डिंक, लोखंडी पट्टी. पाव पाव पानाचे तुकडे कापायचे, कोऱ्या कागदावर ओळीला ओळ भिडवून चिकटवायचे. प्रेसमध्ये हे मी केलेलं होतं. ओळ कुठं वाकडी जाऊ दिली नाही. रजनी बाजूला बसून तुकड्यांवर नंबर टाकत होती. म्हणाली, "बाबा, आई असती तं म्हणाली असती, मशीनवाले, डिंक पुस्तकाले लावा, पायजाम्याले नाही." खरंच पायजाम्याला लागला होता. तिच्या जाण्यानंतर आम्ही दोघं पहिल्यांदा त्या खोलीत हसलो.

मग चौथं शील आलं. पालीची ओळ, तिच्याखाली कोरी जागा आणि तिथं एक छोटी काळी उभी रेघ. पुढचं अक्षर जिथं उमटायचं तिथं पडद्यावर लुकलुकते ती. फोटोत ती लुकलुकत नव्हती. तेवढी कात्रीनं काढून टाकली. बाकी जागा कोरीच. पाचव्याचीही पालीची ओळ तेवढी होती.

रजनी म्हणाली, "बाबा, मी लिहू काय? आईसारखं लिहिता येते मले. लहानपणापासून ऐकलं हाये तिचं बोलणं."

"लिही. तुह्यं नाव टाक."

"पुस्तकावर आईचं नाव हाये."

"मंग नको लिहू."

ती चिडली. "आई म्हणायची ना, अर्धवट छापायचं नाही? मंग तुम्ही काहून छापून राहिले?"

मी डिंकाच्या बाटलीचं झाकण लावलं. म्हटलं, "ती होती तेव्हा ते अर्धं होतं. आता ते एवढंच."

पुढे विहार कमिटीचे सेक्रेटरी गणवीरसाहेब घरी आले. झेरॉक्सला देण्याआधी त्यांना पान दाखवायचं होतं. चांगले गृहस्थ, सरकारी नोकरीतून रिटायर. त्यांनी पानं चाळली, बायकांसाठी केवढं काम केलं ताईंनी म्हणाले, आणि चौथ्यावर थांबले.

"काका, हे असं कसं वाटायचं लोकांले? खोटं बोलू नये, एवढाच तं अर्थ हाये. शेंबड्या पोराले बी माहीत हाये. चौथ्याच्या दोन ओळी, पाचव्याच्या दोन ओळी, मी लिहून देतो. खाली ताईचं नाव राहू द्या. कोण विचारते?"

मी म्हटलं, "चौथ्याच शीलात, साहेब?"

ते हसले. मग हसायचे थांबले. चष्मा काढून पुसला. "ठीक हाये," म्हणाले. "पण बाया विचारतील तं तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार."

खरं सांगायचं तर मीही बसून पाहिलं होतं. तिथं काय लिहिलं असतं तिनं? तिला चहात किती साखर लागते ते मला माहीत होतं, कोणत्या कुशीवर झोपते ते माहीत होतं, कोणत्या जावेशी बोलत नाही आणि कोणत्या जावेशी बोलते पण मनातून बोलत नाही, तेही माहीत होतं. पहिल्या तीन शिलांचे अर्थ मला पाठ होते. पण चौथ्याला तिच्या डोक्यात काय होतं, ते मला सुचेना. जे सुचलं ते सगळं माझं होतं. मिरचीसारखं काही सुचलं नाही.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. विहारात पंखे फिरत होते, चटया टाकल्या होत्या. मी मागे, पुरुषांच्या बाजूला, दाराजवळ बसलो. रजनी बायांच्यात. प्रत्येकीच्या हातात झेरॉक्सची पानं, स्टेपल मारलेली. वत्सलाबाईनं चष्मा कपाळावर चढवला, पान हातभर लांब धरलं आणि ओरडली, "अवं, दिसून राहिलं वं! बिनाचष्म्याचं!" सगळ्या हसल्या. मग वंदना सुरू झाली. बाया एका आवाजात म्हणत होत्या, ओळ संपली की सगळ्याच थांबत होत्या.

पंचशीलाचा अर्थ वत्सलाबाईनं वाचायला घेतला. पहिलं झालं. दुसऱ्याला मिरची आली तशी ती थांबली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊजी, हे माह्यासाठीच लिवलं न तिनं? एकदा घेतल्या होत्या मी मूठभर!" केवढा हशा झाला. गणवीरसाहेबही हसले. तिसरं झालं. चौथ्याची पाली सगळ्यांनी म्हटली. वत्सलाबाईचं बोट पानावर खाली सरकलं आणि थांबलं. तिनं पान उलटून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"भाऊजी, याचा अर्थ?"

सगळ्या बाया माझ्याकडे वळल्या. तोंड उघडून काहीही सांगता आलं असतं. त्यांनी मानलं असतं. तिच्या तोंडचं म्हणून वर्षानुवर्षं म्हटलं असतं.

मी म्हटलं, "माहीत नाही बाई. ते तिनं मले वाचून दाखवलं नव्हतं."

वत्सलाबाईनं पदरानं डोळे पुसले, चष्मा कपाळावरून खाली घेतला, काही न वाचता थोडा वेळ तशीच बसली. तिच्यासोबत सगळ्या बसल्या. मग ती पाचव्याची पाली म्हणायला लागली, तिचा अर्थ कोणी विचारला नाही.

आता दर पौर्णिमेला ते तसंच होतं. कोणी ठरवलेलं नाही. त्या जागेवर आल्या की बाया थोडं थांबतात आणि मग पुढे जातात. मागच्या पौर्णिमेला मोहल्ल्यातली एक नवी सून पहिल्यांदा विहारात आली होती. तिच्या हातात पान होतं. सगळ्या गप्प झाल्या तशी ती गोंधळली, शेजारी वाकून हळूच म्हणाली, "मावशी, इथं छापाचं राहिलं काय?"

वत्सलाबाईनं मान हलवली. "नाही वं," म्हणाली. "इथं थांबाचं रायते."